गाडीचे पासिंग आणि प्रवाशांची अमानत

आमच्या घरातल्या कॅलेंडरवर दोन तारखा लाल पेनाने लिहिलेल्या असतात. एक गाडीच्या विम्याची आणि दुसरी पासिंगची. पिवळ्या नंबरप्लेटची, सात आसनांची एक गाडी हीच आमची रोजीरोटी. आम्ही नवरा-बायको मिळून हा धंदा पाहतो. एक जण गाडी चालवतो. दुसरी कागदपत्रे, हिशेब आणि बुकिंगचे फोन सांभाळते. उमराह आणि हजला निघालेली मंडळी, आखातात नोकरीला परतणारे तरुण, मुंबईच्या दवाखान्यात न्यायचे रुग्ण, लग्नाची वऱ्हाडे असे सगळे आमच्या गाडीतून कोकण ते मुंबई ये-जा करतात.

गाडीने आठ वर्षे ओलांडली आणि दोन वर्षांनी येणारे पासिंग आता दरवर्षी आले. त्याची तयारी कशी करावी, हे लिहिण्याआधी आम्हाला एक कबुली द्यायची आहे. ती दिल्याशिवाय हा लेख प्रामाणिक होणार नाही.

मागच्या पासिंगच्या वेळी आमच्या गाडीचे चारही टायर झिजलेले होते. पैशांची ओढाताण होती. एका ओळखीच्या माणसाने सोपा उपाय सांगितला, "भाऊ, नवे टायर कशाला घेता? एका दिवसासाठी दुसऱ्या गाडीचे लावा. पासिंग झाले की संध्याकाळी परत करा." आम्ही तेच केले. सकाळी उसने टायर चढवले, दुपारी गाडी पास झाली, मगरिबच्या आधी जुने गुळगुळीत टायर पुन्हा गाडीखाली आले. चार पैसे वाचले म्हणून त्या रात्री आम्ही खूशही होतो.

जुलैमध्ये मुंबईच्या दवाखान्यातून एक वृद्ध जोडपे आणि त्यांची लहान नात आमच्या गाडीने गावी परतत होती. कशेडी घाटात पाऊस सुरू होता. उतारावरच्या एका वळणावर ब्रेक लावला, पण गाडी थांबली नाही. ती घसरत गेली आणि रस्त्याच्या कडेच्या कठड्याला टेकून थांबली. अल्लाहच्या कृपेने कोणाला खरचटलेही नाही. मागे बसलेल्या आजी मोठ्याने कलमा पढत होत्या आणि मुलगी रडत होती. डॅशबोर्डच्या खणात आमचे योग्यता प्रमाणपत्र होते. त्यावर शिक्का होता, सही होती, मुदतही शिल्लक होती. त्या कागदाच्या भरवशावर तीन माणसे आमच्या गाडीत बसली होती.

घरी आल्यावर अब्बांना सगळे सांगितले. ते रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "साहेबांना फसवले असे तुम्हाला वाटले. प्रत्यक्षात कोणाला फसवले ते आता कळले ना?"

नियम काय सांगतो

रिक्षा, टॅक्सी, स्कूल व्हॅन, टेम्पो, बस अशा भाड्याने चालणाऱ्या प्रत्येक गाडीला योग्यता प्रमाणपत्र लागते. त्यालाच आपण फिटनेस किंवा पासिंग म्हणतो. नव्या गाडीला पहिली २ वर्षे ते मिळते. त्यानंतर गाडी ८ वर्षांची होईपर्यंत दर २ वर्षांनी आणि ८ वर्षांनंतर दरवर्षी नूतनीकरण करावे लागते. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यातील कलम ५६ नुसार अशा गाडीकडे योग्यता प्रमाणपत्र नसेल, तर तिची नोंदणीच वैध मानली जात नाही. म्हणजे गाडी घरची, हप्ते फेडलेले, विमा भरलेला, आणि तरीही ती रस्त्यावर आणण्याचा हक्क नाही. अशा वेळी अपघात झाला तर विमा कंपनी भरपाईवरून वाद घालते आणि धंदेवाईक माणूस कोर्टाच्या पायऱ्या झिजवत राहतो.

मुदत टळली तर केंद्रीय मोटार वाहन नियमांत दर दिवसाला ५० रुपये जादा शुल्काची तरतूद आहे. याच शुल्काविरुद्ध २०२४ मध्ये महाराष्ट्रातले रिक्षा-टॅक्सी चालक रस्त्यावर उतरले होते. शुल्क योग्य की अयोग्य, हा वाद बाजूला ठेवू. ते भरण्याची वेळच येऊ न देणे आपल्या हातात आहे.

पांढऱ्या नंबरप्लेटच्या खासगी गाडीची गोष्ट निराळी. तिची नोंदणी १५ वर्षांची असते. त्यानंतर गाडीची तपासणी होते आणि नोंदणी ५-५ वर्षांनी वाढवून मिळते. म्हणजे घरच्या गाडीकडे पहिली १५ वर्षे कोणी अधिकारी वाकून पाहत नाही. त्याबद्दल शेवटी लिहू.

आधी फाइल उघडा

आमच्या घरी पासिंगची तयारी दीड महिना आधी स्वयंपाकघरातल्या टेबलावर सुरू होते. प्लास्टिकच्या फाइलमधले सगळे कागद बाहेर काढायचे आणि प्रत्येकाची मुदत एका वहीत लिहायची. नोंदणी प्रमाणपत्र म्हणजे आरसी, विमा, परवाना, भरलेला कर, जुने योग्यता प्रमाणपत्र, पीयूसी, आणि गाडीला वेगनियंत्रक असेल तर त्याचे प्रमाणपत्र. यातला एक कागद जरी मुदतीबाहेर गेला, तरी काम अडते.

पीयूसीबाबत बऱ्याच जणांचा गोंधळ होतो. बीएस-४ आणि बीएस-६ गाड्यांचे पीयूसी १ वर्ष चालते, त्याहून जुन्या गाड्यांचे ६ महिने. आपली गाडी कोणत्या मानकाची आहे, ते आरसीवर पाहता येते.

मग नंबरप्लेट. १ एप्रिल २०१९ पासूनच्या नव्या गाड्यांना उच्च सुरक्षा नंबरप्लेट कंपनीकडूनच येते. त्याआधीच्या गाड्यांना ती आपण बसवून घ्यायची आहे. आमची गाडी जुनी असल्याने आम्हाला त्यासाठी वेगळी वेळ घ्यावी लागली. हे काम पासिंगच्या आठवड्यावर ढकलू नये.

कुठे चलन थकलेले असेल तर तेही भरून टाकावे. आम्हाला एक जुने चलन असे सापडले, ज्याचा घरात कोणालाच पत्ता नव्हता. मोबाइल नंबर बदलला होता आणि मेसेज जुन्याच नंबरवर जात होते. तेव्हा गाडीच्या नोंदणीला आपला चालू मोबाइल नंबर जोडलेला आहे ना, हेही पाहावे.

अर्ज आणि शुल्क परिवहन विभागाच्या संकेतस्थळावर भरता येते आणि तपासणीची तारीखही तिथेच मिळते. आमच्या वाड्यातल्या काही बायका म्हणतात, "हे पुरुषांचे काम, आपल्याला काय कळणार?" त्यात न कळण्यासारखे काही नाही. ज्यांना शाळेचा प्रवेश अर्ज भरता येतो, त्यांना हाही भरता येतो. घरातल्या दोघांना कागद ठाऊक असले की एक जण परगावी असला तरी काम थांबत नाही.

गाडीखाली काय पाहायचे

कागदांची यादी झाली की गाडी मेकॅनिककडे. आमचे मेकॅनिक कमी बोलतात. गाडी वर उचलली, टॉर्च घेतली आणि म्हणाले, "भाभी, तुम्ही पण बघा. मग बिलावरून वाद नको." त्या दिवशी आम्ही दोघे पहिल्यांदा गाडीखाली नीट वाकलो.

सुरुवात ब्रेकपासून. पुढचे ब्रेक पॅड किती उरले, डिस्कवर खाच पडली का, मागच्या ड्रममधले लायनर कसे आहेत, हे चाके काढूनच कळते. आमच्या गाडीच्या मागच्या डाव्या चाकात व्हील सिलिंडर झिरपत होता. ब्रेक ऑइल लायनरवर उतरले होते. त्यामुळे ते चाक नीट धरत नव्हते आणि जोरात ब्रेक लावला की गाडी उजवीकडे ओढत होती. गाडी चालवताना हे जाणवत होते, पण रस्ताच उतरता असेल म्हणून आम्ही दुर्लक्ष केले होते.

ब्रेक ऑइलचा एक गुण लक्षात ठेवावा. ते हवेतले पाणी शोषून घेते. कोकणातल्या दमट हवेत हे अधिकच जाणवते. पाणी मिसळलेले ऑइल लांबच्या उतारावर तापले की त्यात वाफेचे बुडबुडे होतात. मग पेडल मऊ पडते आणि ऐन वेळी ब्रेक लागत नाही. म्हणून साधारण दोन वर्षांनी ते पूर्ण बदलावे. वरून नुसते भर घालून भागत नाही. हँडब्रेकही चढावर गाडी उभी करून तपासावा. आम्ही सपाट अंगणात तपासत होतो, त्याला काही अर्थ नव्हता.

दुसरे टायर. कारच्या टायरची खाच किमान १.६ मिलिमीटर खोल असावी, असा नियम आहे. मोजायला वेगळे साधन लागत नाही. टायरच्या मुख्य खाचांत जागोजागी रबराचे छोटे उंचवटे असतात. टायर झिजून त्या उंचवट्यांच्या पातळीला आला की त्याचे आयुष्य संपले. टायरच्या बाजूला ठोकळ्यात चार आकडे असतात. पहिले दोन आठवडा सांगतात, पुढचे दोन वर्ष. २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३ वा आठवडा. खाच शाबूत असली तरी रबर जुने होऊन बाजूला चिरा पडल्या असतील तर तो टायर लांबच्या प्रवासाला नको. आणि स्टेपनी विसरू नका. तीही तपासली जाते, आणि रात्री दोन वाजता घाटात तिचीच गरज पडते.

तिसरे स्टिअरिंग आणि शॉकअप. पुढचे चाक वर उचलून हाताने हलवले की बॉल जॉइंट किंवा टाय रॉड सैल आहे का ते कळते. रबरी बूट फाटले असतील तर चिखल आत जातो आणि महिन्याभरात सांधा खराब होतो.

चौथा पत्रा. समुद्राकाठच्या गाड्यांना खारी हवा खालून खाते. वरून रंग चकचकीत असतो आणि दाराखालचा पत्रा बोटाने दाबला की आत जातो. आमच्या गाडीला उजव्या बाजूला एवढे भोक होते की त्यातून अंगठा गेला. तिथे नवा पत्रा वेल्ड करून गंजरोधक लेप मारला. चेसिस नंबर जिथे कोरलेला असतो ती जागाही साफ करून घ्यावी. पासिंगला त्याची छाप घेतात. चिखल आणि गंजाने नंबर उमटला नाही तर माणूस दिवसभर तिथेच अडकतो.

वरची कामे, पण बारीक

पुढचे दिवे, मागचे दिवे, ब्रेकचे दिवे, चारही इंडिकेटर, रिव्हर्सचा आणि नंबरप्लेटचा दिवा. एकाने आत बसायचे, दुसऱ्याने बाहेरून पाहायचे. पाच मिनिटांचे काम, मुलेही आवडीने करतात. हेडलाइटची काच पिवळी पडली असेल तर घासून घ्यावी आणि दिव्यांचा रोख बरोबर करून घ्यावा. रोख वर गेलेला असेल तर समोरच्या चालकाचे डोळे दिपतात.

वायपरचे रबर, पाण्याचा फवारा, हॉर्न, आरसे, सगळ्या दारांच्या कड्या, काचा वर-खाली करणारी यंत्रणा आणि प्रत्येक आसनाचा सीटबेल्ट तपासावा. प्रथमोपचार पेटी आणि अग्निशामक मुदतीत असावा. धोक्याचा त्रिकोण गाडीत असावा. परावर्तक पट्ट्या पुढे पांढऱ्या आणि मागे लाल असतात. त्या निघाल्या असतील तर नव्या लावाव्यात.

काही गोष्टी जड मनाने काढाव्या लागतात. अनेक कुटुंबे घरातल्या बायकांच्या पडद्यासाठी काचांवर काळी फिल्म लावतात. आमच्याही मागच्या काचांना होती. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा फिल्मना मनाई केली आहे. आम्ही ती काढली. आरशाला लटकवलेली तसबीहही काढली. ती हलत राहते आणि डाव्या वळणावर समोरचे दिसत नाही. प्रवासाची दुआ चालकाच्या ओठांवर असावी, त्यासाठी काचेसमोर काही टांगण्याची गरज नाही.

उसने टायर आणि ओले धान्य

हे सगळे करताना खर्च वाढत गेला. ब्रेकचे काम, पत्रा, आणि वर चार टायर. आम्ही हिशेब मांडून बसलो तेव्हा तोच ओळखीचा माणूस पुन्हा आला. म्हणाला, "टायरची व्यवस्था मी करतो. वर थोडे द्यायची तयारी ठेवली तर बाकीचेही कोणी पाहणार नाही."

अब्बा ओट्यावर बसून ऐकत होते. त्यांनी जेद्दाहमध्ये बरीच वर्षे गाडी चालवली आहे. माणूस गेल्यावर त्यांनी आम्हाला मदीनेच्या बाजारातला प्रसंग सांगितला. प्रेषित मुहम्मद (स.) धान्याच्या एका ढिगाजवळून जात होते. त्यांनी ढिगात हात घातला तर आतले धान्य ओले लागले. विचारल्यावर विक्रेता म्हणाला की पावसाने भिजले. तेव्हा प्रेषितांनी त्याला विचारले की ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, आणि फसवणूक करणाऱ्याशी आपला संबंध नाही असे बजावले. ही हदीस सहीह मुस्लिममध्ये आहे. आम्ही ती लहानपणापासून ऐकत आलो आहोत, पण नेहमी दुकानदारांसाठी म्हणून. आमचे उसने टायर म्हणजे तोच सुका थर, हे त्या दिवशी लक्षात आले.

लाच देणारा आणि घेणारा या दोघांवरही प्रेषितांनी लानत केली आहे, हेही अब्बांनी आठवून दिले. येथे एक फरक मात्र सांगायला हवा. ज्याला अर्ज भरता येत नाही, त्याने एजंटकडून अर्ज भरून घेतला आणि त्याच्या कष्टाचे पैसे दिले, तर ती मजुरी झाली. गाडीतला दोष दिसू नये म्हणून दिलेले पैसे ही मजुरी नव्हे.

अब्बा पुढे म्हणाले, "जेद्दाहला आम्ही याला फहस म्हणायचो. गाडी तीन वर्षांची झाली की दरवर्षी फहस. तो झाला नाही तर इस्तिमारा, म्हणजे गाडीची नोंदणी, पुढे सरकायची नाही. ब्रेक मशीनवर, धूर मशीनवर. कफील कितीही मोठा असो, मशीनला त्याचे काय? नापास झाली की काम करून परत यायचे. तिथे हे निमूट पाळणारी आपलीच माणसे इथे आली की वाट शोधतात."

आपल्याकडेही तपासणी हळूहळू मशीनवर जात आहे. स्वयंचलित तपासणी केंद्रांत गाडीची चाके रोलरवर ठेवून प्रत्येक चाकाचा ब्रेक वेगळा मोजतात. दिव्यांचा रोख, धूर आणि शॉकअप यांचीही मोजणी होते. जिथे अशी केंद्रे नाहीत तिथे निरीक्षक गाडी चालवून पाहतात. मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशांनंतर महाराष्ट्रातल्या आरटीओंना ब्रेक तपासण्यासाठी २५० मीटरचा ट्रॅक आवश्यक झाला.

आम्ही चार नवे टायर घेतले. त्यासाठी ईदसाठी बाजूला ठेवलेली रक्कम वापरली आणि उरलेल्या पैशांची टायर दुकानदाराने तीन महिन्यांची सवलत दिली. मुलांना सांगितले की यंदा कपडे एकच जोड. मोठीने विचारले, "टायरला नवे कपडे आणि आम्हाला नाहीत?" आम्ही तिला घाटातली गोष्ट सांगितली. मग ती काही बोलली नाही.

नापास

इतकी तयारी करून आम्ही मे महिन्यात गाडी तपासणीला नेली. ब्रेक उत्तम निघाले. दिवे, टायर, पत्रा, कागद सगळे बरोबर. शेवटी निरीक्षकांनी मागचे दार उघडले आणि तिसऱ्या रांगेतले सीटबेल्ट एकेक करून लावून पाहिले. डाव्या बाजूचा बेल्ट खटक्यात बसेना. सामान ठेवण्यासाठी ते आसन आम्ही वर्षभर दुमडून ठेवत होतो. खटक्यात वाळू आणि बिस्किटांचा चुरा भरला होता. तपासताना आम्ही पुढचे आणि मधले बेल्ट पाहिले होते, मागचे गृहीत धरले होते.

"साहेब, एवढ्याशा गोष्टीसाठी?" असे तोंडून निघून गेले. त्यांनी विचारले, "या सीटवर कोण बसते?" आम्ही गप्प झालो. त्या आसनावर नेहमी लहान मुले बसतात. त्यांनी त्रुटी लिहून कागद हातात दिला.

खटका त्याच संध्याकाळी बदलला. पुढची तारीख मात्र पाच दिवसांनी मिळाली, आणि मधे आमच्या प्रमाणपत्राची मुदत संपत होती. मुदत संपल्याच्या दुसऱ्याच रात्री हजला निघालेल्या एका कुटुंबाला मुंबई विमानतळावर सोडण्याचे बुकिंग होते. हंगामातले सर्वांत मोठे भाडे होते. त्यात टायरच्या उधारीचा पहिला हप्ता निघाला असता.

त्या रात्री घरात बरीच चर्चा झाली. गाडी पूर्ण दुरुस्त होती. एका रात्रीचा प्रश्न होता. रस्त्यात कोणी अडवेलच असे नाही. पण काही झालेच असते तर? हज हे आयुष्यभराच्या बचतीतून होणारे काम. त्यासाठी निघालेल्या माणसांना आपण अर्ध्या रस्त्यात पोलीस चौकीत उभे करायचे का? आणि अपघात झाला तर विम्याच्या भरपाईशिवाय त्यांच्या वारसांना काय सांगायचे? सूरह निसामध्ये अमानती त्यांच्या हक्कदारांना पोहोचवण्याची आज्ञा आहे. प्रवासी ही तर जिवंत अमानत.

आम्ही त्या कुटुंबाला फोन करून खरे कारण सांगितले आणि दुसऱ्या एका चालकाची गाडी लावून दिली. त्याचे कागद आधी स्वतः पाहिले. हाजीसाहेब थोडे नाराज झाले. त्यांना आमच्या गाडीची सवय होती. निघताना त्यांनी फोन केला आणि म्हणाले, "तुमच्यासाठीही दुआ करीन." भाडे गेले ते गेलेच. हप्ता उशिरा दिला आणि दुकानदाराचे दोन शब्द ऐकून घेतले.

पाच दिवसांनी गाडी पास झाली. त्यातून शिकलेली गोष्ट साधी आहे. तपासणीची तारीख अशी घ्यावी की नापास झाल्यास दुसऱ्या फेरीला किमान दोन आठवडे हातात राहतील. आम्ही ब्रेकची तयारी दीड महिना आधी केली आणि तारीख मात्र शेवटच्या आठवड्यातली घेतली. ही चूक तुम्ही करू नका.

घरच्या गाडीचे पासिंग कोण करणार?

हा लेख वाचणाऱ्या बहुतेक घरांत टॅक्सी नसेल. मुलाने आखातातून पैसे पाठवून घेतलेली गाडी असेल, किंवा शहरात हप्त्यांवर घेतलेली. तिला १५ वर्षे कोणी तपासणार नाही. तिच्यात बसणारी माणसे मात्र आपलीच असतात. म्हणून आमची विनंती आहे की वर्षातला एक दिवस ठरवून घरच्या गाडीचे पासिंग स्वतः करा. पावसाळ्याआधीचा एखादा रविवार त्याला चांगला.

त्या दिवशी घरातल्या सगळ्यांना हाताशी घ्या. एकाने दिवे पाहावेत, एकाने प्रत्येक सीटबेल्ट लावून पाहावा, विशेषतः मागचे. टायरच्या खाचा आणि त्यावरची चार आकडी तारीख मुलांना वाचायला द्या. स्टेपनीत हवा आहे का, जॅक आणि पाना गाडीत आहेत का, ते पाहा. वायपर बदला. विमा आणि पीयूसीची तारीख वहीत लिहा. मग गाडी मेकॅनिककडे नेऊन चाके काढून ब्रेक दाखवा आणि ब्रेक ऑइल शेवटचे कधी बदलले ते विचारा. उत्तर कोणालाच आठवत नसेल तर बदलून टाका.

तुमची मुले स्कूल व्हॅन किंवा रिक्षाने शाळेत जात असतील, तर चालकाला योग्यता प्रमाणपत्राची तारीख जरूर विचारा. विचारण्यात अपमान नाही. नीट कागद ठेवणारा चालक ते आनंदाने दाखवतो. आम्हाला कोणी विचारले तर आम्हालाही आता बरे वाटते. आणि भाडे ठरवताना दोन पैशांसाठी फार घासाघीस करू नका. त्यातूनच त्याचे टायर येतात.

रस्त्यातली त्रासदायक वस्तू बाजूला करणे हा ईमानाचा एक भाग आहे, असे आपल्याला मदरशात शिकवले. आपण दगड उचलतो, काटे दूर करतो. ब्रेक न लागणारी गाडी ही त्या दगडाहून मोठी अडचण आहे, आणि ती आपणच रस्त्यावर आणलेली असते.

पुढच्या वर्षीची तारीख आम्ही कॅलेंडरवर लिहिली आहे. या वेळी तिच्या दोन महिने आधीच्या पानावरही एक लाल खूण केली आहे. शेजारी मोठीने तिच्या अक्षरात लिहिले आहे: "मागचे बेल्ट."